पट्टीचा अर्धा धडा

वाशीम, ता. २४ नोव्हेंबर १९३६

तीर्थरूप जगदेवदादाच्या पायांवर डोकं ठेवून शालिग्राम लिहितो की,

तारीख आली! सतरा जानेवारी, रविवार, अकोला. तीन जणांचं मंडळ माझी मुलाखत घेणार आणि पसंत पडलो तर मी राजाचा बालवीर, म्हणजे किंग्ज स्काउट, होणार. बालवीरांत याच्यावर पायरी नाही. आमच्या शाळेतून आजवर एकही मुलगा तिथवर पोचलेला नाही. एप्रिलात मला अठरा पूर्ण होतात आणि त्यानंतर अर्जच घेत नाहीत, म्हणजे संधी ही एकच.

मंडळ काहीही विचारतं. नकाशा, तारे, गाठी, प्रथमोपचार. पण हेडमास्तर म्हणतात, खरा प्रश्न एकच असतो, तू दुसऱ्यांसाठी काय केलंस? माझं उत्तर म्हणजे आपल्या पिंपळदऱ्याचं पथक. दिवाळीत मी सात पोरं उभी केली. आता दर रविवारी तू त्यांना शिट्टीवर जमवायचंस, काठीची कवायत घ्यायचीस आणि वहीत लिहून ठेवायचंस. एवढं माझ्यासाठी कर.

तांड्यातल्या लालसिंगवरून तू कुरकुरलास. ‘त्या पोराले आपल्या अंगनात कायले आनतं?’ म्हणालास. दादा, बालवीर हा दुसऱ्या बालवीराचा भाऊ, हा आमचा कायदा आहे. आणि खरं सांगू? सातांत तोच सरस आहे. शिट्टी वाजली की सगळ्यांत आधी तोच हजर. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तू दमणीला बैल जुंपून बोंबलत होतास, म्हणून रक्त थांबवायची पट्टी घाईघाईत दाखवली. दंडाला रुमाल बांधायचा, त्यात काडी घालून पिळायचा आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत काडी सोडायची नाही. बाकीची पोरं हसत होती. लालसिंगनं मात्र तिथल्या तिथं तीनदा बांधून दाखवली.

माय आणि वहिनीला नमस्कार. वही विसरू नकोस.

शालिग्राम

---

पिंपळदरा, पोस्ट शिरपूर, ता. ६ डिसेंबर १९३६

चिरंजीव शालिग्रामला जगदेवचा आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटाही,

तुझं पथक घेतलं. घेतलं म्हणजे मी खाटेवर बसून पान खाल्लं आणि पोरं उड्या मारत होती. वहीत लिहिलंय, ‘सातही हजर. एकाची चड्डी फाटली.’ तुझ्या मंडळाला आवडेल. इंग्रजाच्या राजाचा बिल्ला छातीवर लावून तू गावात आलास की आधी तुझ्याकडून गोठा झाडून घेईन, मग मुजरा करीन.

आता आमची बातमी. ज्वारीची कणसं भरली आहेत आणि तांड्याची ढोरं रोज आपल्या शेताच्या धुऱ्यावरून आत येतात. चुकून येत नाहीत, घातली जातात. बुधवारी अकरा धरली आणि शिरपूरच्या कोंडवाड्यात नेऊन घातली. संध्याकाळी रतनसिंग आला, तुझ्या त्या लालसिंगचा थोरला भाऊ. म्हणाला, ‘जगदेवराव, ढोराले काय समजते धुरा कोनाचा? तुमी तर मानूस आहात ना?’ मी त्याच्या कानशिलात ठेवून दिली. त्याची बायको रुपाबाई तिथंच उभी होती, तिच्यादेखत. पागोटं दहा हात लांब जाऊन पडलं. त्यानं पागोटं उचललं, झटकलं, माझ्याकडे पाहत राहिला आणि गेला.

तुझी वहिनी रंगू म्हणते, हे शालूला लिहू नका, त्याचा अभ्यास आहे. म्हणून मुद्दाम लिहिलं. सहा महिने मी ज्या पिकात मरतो ते रात्रीत कुणी चारून न्यावं आणि मी हात बांधून बसावं, असला कायदा तुमच्या पुस्तकात असेल, माझ्या नाही. कुऱ्हाडीला धार लावून आणली. बाभळी तोडायच्या आहेत, भिऊ नको.

जगदेव

---

वाशीम, ता. १५ डिसेंबर १९३६

तीर्थरूप दादा, नमस्कार.

तुझं पत्र वाचून जीव खालीवर झाला. दादा, तू काय केलंस? माणसाला त्याच्या बायकोदेखत मारलंस तर तो ते जन्मभर विसरत नाही. ढोरांचं काय ते कोंडवाड्यात भागलं होतं. तुला राग येतो तेव्हा मला लहानपणीचा तो दिवस आठवतो, आबा वारल्यावर मामाला तू अंगणात लोळवलं होतंस तो. मला तुझी भीती वाटते, आता लिहूनच टाकतो.

मुलाखत होईपर्यंत तरी हात आवर. मंडळ गावाकडं चौकशी करतं. शिकवणाऱ्याचाच भाऊ मारामारी करतो म्हटल्यावर माझ्या पथकाची किंमत काय राहील?

आणखी एक अडचण आहे. माझ्या नोंदवहीत ‘प्रत्यक्ष प्रसंग’ म्हणून एक पान आहे. प्रथमोपचार खरोखर कुठं उपयोगी पडला ते तिथं लिहायचं असतं, वेळेसकट. ते कोरं आहे. हेडमास्तर म्हणाले, कोरं पान मंडळाला चालत नाही. तेव्हा पथकातल्या कुणी कुणाची जखम बांधली, साप-विंचू काही झालं, तर लगेच कळव. असं मागताना शरम वाटते. पण मी काय करू?

इकडे सगळीकडे एकच बोलणं, राजानं गादी सोडली. मुलं मला चिडवतात, तू आता कोणत्या राजाचा बालवीर? नाताळात आमचं कारंज्याकडे शिबिर आहे, मी एक तारखेला परतेन.

शालिग्राम

---

पिंपळदरा, ता. २ जानेवारी १९३७

चिरंजीव शालिग्राम,

तुझं कोरं पान भरलं.

मी जामिनावर आहे. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक. चोवीस तारखेला दुपारी मी एकटा चौदा ढोरं हाकत शिरपूरच्या वाटेला लागलो होतो. नाल्यात रतनसिंग आडवा आला. बरोबर चौघं, हातात काठ्या. म्हणाला, ‘आज नाही नेऊ देत.’ मी म्हणालो, ‘बाजूले हो.’ पहिली काठी त्यानं माझ्या गुडघ्यावर घातली. मी खाली बसलो तशी दुसरी पाठीत. तोंडात माती गेली. मला वाटलं, इथंच संपलो. तेव्हा तुझी शिट्टी फुंकली. गळ्यातच होती, रविवारी पोरं जमवायला घालतो ती.

तुझी पोरं आली रे. काठ्या घेऊन, ओळीत, तू शिकवलीस तशी. आणि पाठोपाठ गाव आलं. मग काय झालं ते धड कुणालाच सांगता येत नाही. तांड्याच्या एकाचे दात पडले, एकाचं डोकं फुटलं, आपल्या धोंड्याची बरगडी मोडली. मला दिसत होता फक्त रतनसिंग. मी उठलो आणि कमरेची कुऱ्हाड उपसून त्याच्यावर घातली. त्यानं हात वर केला. मनगटाच्या चार बोटं वर बसली. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. खरं लिहू? त्या घडीला मला बरं वाटलं. दुसऱ्या घडीला तो खाली पडला आणि मी मागं सरलो.

लालसिंगही शिट्टी ऐकून आला होता. सगळ्यांच्या पुढं. काठी घेऊन कुणाला मारायला आलोय ते त्याला ठाऊकच नव्हतं. नाल्यात उतरला आणि पाहतो तर त्याचाच भाऊ. काठी टाकली, गळ्यातला तुझा रुमाल सोडला, दंडाला बांधला आणि काडी घालून पिळला. रक्त थांबलं. आम्ही पन्नास माणसं नुसती बघत उभी.

वाशीमला नेलं, तिथून सकाळी मोटारीनं अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात. जिवंत आहे. तो मेला असता तर मी फासावर गेलो असतो, वकील तसं स्पष्ट म्हणाला. तुझ्या पट्टीनं त्याचाही जीव वाचवला आणि माझाही. तू अकोल्याला जाशील तेव्हा दवाखान्यात मात्र जाऊ नकोस. साक्षीदार फोडायला आला म्हणतील.

माय जेवत नाही. बाकी ठीक.

जगदेव

---

वाशीम, ता. ६ जानेवारी १९३७

तीर्थरूप दादास,

पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा इतका राग आला की ते फाडणार होतो. माझी शिट्टी तू माणसं मारायला फुंकलीस! सात पोरं मी कशासाठी उभी केली आणि तू त्यांना कुठं नेलंस!

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा रडलो. लालसिंगसाठी. दादा, त्याला माझ्याकडून शाबासकी दे. तू देणार नाहीस, वहिनीला सांग.

हेडमास्तरांना भांडणाचं कारण न सांगता एवढंच सांगितलं की माझ्या विद्यार्थ्यानं माणूस वाचवला. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, या एका पानावर तुझा बिल्ला पक्का. मला आनंद झाला. होऊ नये असं वाटत असूनही झाला. तू मला सगळं खरं लिहिलंस म्हणून मीही लिहितो.

आता वेळा हव्यात. पट्टी किती वाजता बांधली? डॉक्टरनं किती वाजता सोडली? आणि लालसिंगला विचार, वाटेत दर पंधरा मिनिटांनी काडी जरा सैल केली होती ना? तेही लिहावं लागतं. उलट टपाली कळव.

शालिग्राम

---

पिंपळदरा, ता. ११ जानेवारी १९३७

चिरंजीव शालिग्राम,

रंगूनं लालसिंगला शाबासकी दिली. पोरगं अकोल्याहून दोन दिवसांसाठी आलं होतं, भाकरी घेऊन परत गेलं.

वेळा लिही. बांधली दुपारी एकच्या सुमाराला. वाशीमच्या डॉक्टरनं सोडली रात्री आठला. बैल थकलेले, वाट खराब, सोळा मैल.

सैल करायचं काय विचारतोस? सैल कायले करेल तो? गाडी हाकणारा आपल्या धोंड्याचा बाप सांगत होता, निम्म्या वाटेवर रतनसिंग ओरडायला लागला, ‘हात जळून राह्यला, सोड.’ रुपाबाईनं हात पाहिला, काळानिळा, गार पडलेला. तिनं पोराच्या पाया पडून सांगितलं की सोड. त्यानं भावजयीला ढकलून दिलं. म्हणे, ‘शालिग्रामभाऊनं सांगतलं हाय, डाक्टर भेटेपर्यंत काडी सोडाची नाही.’ सात तास दोन्ही हातांनी काडी धरून बसला. गाडीतून उतरवला तेव्हा त्याची बोटं उघडत नव्हती. असा चेला मिळायला नशीब लागतं.

एक गोष्ट मी लिहिली नव्हती. मुलाखतीआधी तुला त्रास नको म्हणून. रतनसिंगचा हात राहिला नाही. कोपरापासून कापला. पण जीव राहिला, हे खरं की नाही? तू निश्चिंतपणे जा. चांगलं बोल.

जगदेव

---

अकोला, ता. १८ जानेवारी १९३७

दादा,

तुझं पत्र मला निघायच्या दिवशी मिळालं. मोटारीत वाचलं. दर पंधरा मिनिटांनी काडी सैल करायची असते. थोडं रक्त खाली उतरू द्यायचं, मग पुन्हा पिळायचं. नाहीतर पुढचा हात मरतो. हे मला पाठ होतं. त्या दिवशी तू दमणी जुंपून हाका मारत होतास आणि मी निम्मंच शिकवून गाडीत बसलो. तुझ्यावर ढकलत नाही. दोन मिनिटं थांबलो असतो तर तू काही मला सोडून गेला नसतास.

तू नको म्हणाला होतास, तरी काल सकाळी दवाखान्यात गेलो. रतनसिंग झोपला होता. चादर एका बाजूला सपाट होती. लालसिंग खाटेजवळ खाली बसला होता. मला गणवेषात पाहून ताडकन उभा राहिला, तीन बोटांचा सलाम केला. म्हणाला, ‘भाऊ, बराबर बांधली होती ना मी?’ मी ‘हो’ म्हणालो. 

अकरा वाजता मंडळापुढं उभा होतो. मधोमध एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, ‘वा, हे खरं काम.’ मग वेळांवर बोट ठेवलं. ‘एक ते आठ. मध्ये किती वेळा सैल केली?’ दादा, ‘दर पंधरा मिनिटांनी’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांना कुठून कळणार होतं? मी म्हणालो, ‘एकदाही नाही. त्याला ठाऊक नव्हतं. मी शिकवलं नव्हतं. त्या माणसाचा हात गेला.’

त्यांनी चष्मा काढला. पान मिटून बाजूला ठेवलं. मग दुसरे एक गृहस्थ म्हणाले, अजून तयारी हवी, पुढच्या वर्षी या. माझं वय त्यांच्यासमोर लिहिलेलं होतं. मी सलाम करून बाहेर आलो.

मला बिल्ल्याचं वाईट वाटतंय. माणसाचा हात गेला आणि मला बिल्ल्याचं वाईट वाटतंय, याची लाज कुठं ठेवू?

शालिग्राम

---

वाशीम, कोर्टाजवळून, ता. ३ फेब्रुवारी १९३७

चिरंजीव शालू,

तू याच गावात आहेस, पण येऊ नकोस. बेड्या घातलेल्या हातानं आशीर्वाद द्यायला मला आवडणार नाही.

तुझं अकोल्याचं पत्र मी वकिलाला दाखवलं. चूक झाली. त्यानं मांडीवर थाप मारली. म्हणाला, ‘जगदेवराव, सुटलात! हात कुऱ्हाडीनं गेलाच नाही, पट्टीनं गेला. भावाला उभं करू, त्या पोराला उलट विचारू, निम्मी शिक्षा तिथंच उडाली.’ मी रात्रभर खूश होतो. लपवत नाही.

आज कोर्टाच्या व्हरांड्यात लालसिंग साक्षीला आला होता. धुतलेला सदरा, गळ्यात नवा रुमाल. भावाला त्यानं हाताला धरून आणलं होतं, उरलेल्या हाताला. पाणी पाजलं, घाम पुसला. वकील माझ्या कानात म्हणाला, ‘दोन प्रश्नांत पोरगं रडायला लावतो बघा.’ मी त्याची गचांडी धरली. शिपायानं सोडवलं. मग आत गेल्यावर हाकिमाला सांगितलं, कुऱ्हाड मी मारली, हात माझ्या कुऱ्हाडीनं गेला, साक्ष-पुरावा काही नको. दोन वर्षं सक्तमजुरी.

मी साधू झालो असं समजू नकोस. रतनसिंगचा मला अजून राग येतो. ढोरं त्यानंच घातली होती. पण त्या पोरानं काय केलं होतं?

तू लालसिंगला यातलं एक अक्षर सांगायचं नाहीस. तुला माझी आण आहे. मायला सांभाळ. शाळा सुटली तर सुटली, ज्वारीची मळणी कुणीतरी केली पाहिजे.

जगदेव

---

पिंपळदरा, ता. १ मार्च १९३७

अकोल्याच्या तुरुंगात, माझ्या दादाला,

मळणी झाली. माय जेवते. आणि तुझी आण मी मोडली.

काल धुऱ्यावरून येताना तांड्याकडून शिट्टी ऐकू आली. लालसिंगनं तिथं पोरं जमवली आहेत, नऊ जण, सगळ्यांच्या गळ्यात चिंध्यांचे रुमाल. तो त्यांना पट्टी शिकवत होता. अगदी माझ्यासारखा उभा राहून. म्हणत होता, ‘मानूस कितीबी रडला, बायको पाया पडली, तरी डाक्टर भेटेपर्यंत काडी सोडाची नाही. मी सात घंटे धरली होती.’ आणि पोरं त्याच्याकडं देवाकडं पाहावं तशी पाहत होती. दादा, तूच सांग, मी तिथून कसा निघून येऊ? उद्या यातलं प्रत्येक पोर कुणाचा तरी हात नेईल.

मी मध्ये गेलो आणि सांगितलं. पंधरा मिनिटांचं. मी शिकवलं नव्हतं तेही. दवाखान्यात खोटं बोललो तेही.

तो आधी हसला. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मग त्यानं काठी उचलली. पहिली खांद्यावर बसली, दुसरी तोंडावर. समोरचे दोन दात गेले. माझ्याही हातात काठी होती. मी ती टाकून दिली आणि खाली बसलो. तो मारत राहिला. रडत होता आणि मारत होता, आणि एकच विचारत होता, ‘तवा काहून नाही सांगतलं? तवा काहून नाही सांगतलं?’ माझं डावं हाड मोडलं, गळ्याखालचं. मला वाटलं, आता मारूनच टाकेल, आणि ते काही चूक होणार नाही.

रतनसिंग झोपडीतून बाहेर आला. एका हातानं त्यानं काठी धरली. म्हणाला, ‘बस कर, लाल्या. मले डाक्टरनं पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं.’ लालसिंगनं काठी सोडली. रतनसिंग म्हणाला, ‘तुले सांगून काय हात परत येनार होता?’

तू दोन वर्षं तुरुंग पत्करून जे झाकलंस, तेच तो तुटक्या हातानं गप्प राहून झाकत होता. तुम्ही दोघं एकमेकांचे वैरी. आणि उघडं करणारा मी.

तुझ्याबद्दल त्यानं विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि नऊ पोरांकडं हात केला. ‘आता पुरं शिकव त्याईले,’ म्हणाला.

मी तोंड धुतलं आणि शिकवलं. एकेकाकडून दहादा करून घेतलं, बांधणं आणि सैल करणं, अंधार पडेपर्यंत. लालसिंग आमच्याकडं पाठ करून बसला होता, पण उठून गेला नाही.

तुझा शालिग्राम